फ्रिजची रुंदी

बारा जानेवारी, रविवार, सकाळी साडेदहा. स्वयंपाकघर नव्याने करून घ्यायची ठरलेली रक्कम एक लाख पस्तीस हजार. टाइल आणि ग्रॅनाइट धरून, नळाचं काम सोडून. हजर होतो मी, बायको, मुलगा आणि मिस्त्री. चौघेही यवतमाळच्या आमच्या घरातल्या स्वयंपाकघरात उभे होतो. चौघे उभे राहिल्यावर पाचव्याला जागा उरत नव्हती. म्हणून तर हा सगळा खटाटोप होता.

एप्रिलच्या शेवटी मुलाचं लग्न ठरलं होतं. मुलगी महागावची. तिच्या वडिलांचं तिथे विहिरीतल्या पाणबुडी मोटारींचं वायंडिंग करून द्यायचं दुकान आहे. मुलीने लॅब टेक्निशियनचा कोर्स केलेला, आणि यवतमाळच्या एका लॅबमध्ये तिची नोकरीही पक्की झाली होती. म्हणजे सकाळी सहाच्या सुमाराला आमच्या स्वयंपाकघरात दोन बायका एकदम काम करणार, एकीला लॅब गाठायची आणि दुसरीला तिघांचे डबे भरायचे. जुन्या ओट्यापाशी एक बाई वाकली की दुसरीला कोठीपर्यंत जाता येत नसे.

मी कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेबाचं काम करतो. अंदाजाने काही करणं मला जमत नाही. खोली दहा फूट चार इंच बाय आठ फूट दोन इंच. खिडकी पूर्वेला, मागचं दार उत्तरेला, बैठकीकडचं दार पश्चिमेला. शेगडी आग्नेयेला हवी यावर बायको ठाम. नळ आमच्याकडे रोज येत नाही, म्हणून दोनशे लिटरचा ड्रम घरातच लागतो. शिवाय वर्षाच्या गव्हाची कोठी, आणि बायकोने हौसेने घेतलेली घरघंटी. घरघंटी म्हणजे घरातली पिठाची चक्की. ती आकाराने लहान कपाटाएवढी असते आणि दळताना थरथरते, म्हणून तिला भिंतीपासून चार इंच सोडून ठेवावं लागतं. हे चार इंच कोणी धरत नाही. मी धरले.

मी जमिनीवर खडूने सगळं खऱ्या मापात आखलं. ओटा, ड्रम, कोठी, घरघंटी, फ्रिज. तीन दिवस घरातले सगळे खडूच्या रेघांमधून चालले. चौथ्या दिवशी बायकोने पोछा मारला.

"मी काय रांगोळी वाचवत बसू?" ती म्हणाली. "पाय चिकटून राह्यले होते."

मी पुन्हा आखलं. दक्षिणेची भिंत अठ्ठ्याण्णव इंच. तिच्यात नऊ इंच कॉलमने खाल्ले. उरलेल्या एकोणनव्वद इंचांत ओट्याचा आडवा हात आणि फ्रिज बसवायचा. फ्रिजला जेवढी जागा द्यावी तेवढा ओटा कमी. ग्रॅनाइट एकदा कापलं की कापलं. मिस्त्रीने कानामागची पेन्सिल काढली आणि विचारलं, "भाऊ, फ्रिज कितीचा धरू?"

आणि इथून माझा त्रास सुरू झाला.

आमचा जुना फ्रिज बावीस इंचांचा, अजून चालणारा. तो तिथे बसला असता आणि विषय संपला असता. पण नोव्हेंबरमध्ये महागावला बैठक झाली, तेव्हा मी सगळ्यांसमोर सांगितलं होतं की आम्हाला काही नको. हुंडा नाही, आंदण नाही, मुलगी आणि नारळ. त्यावर व्याही, म्हणजे आमच्या बोलीत इवाई, म्हणाले होते, "पोरीसाठी स्कूटीचे पैसे बाजूले ठेवले, ते तिच्या नावानं. अन् एक फ्रिज देऊ द्या. आमच्याकडच्या बायका मले जगू देणार नाहीत." स्कूटी तिची, तिच्या नावावर, तिला लॅबमध्ये जायला लागणारच. त्याला मी नाही कशाला म्हणू? आमची वस्ती गावाच्या टोकाला आहे. ऑटोने रोज जाणं-येणं ऐंशी रुपयांचं. फ्रिजला मात्र मी नको म्हणालो. तेव्हा मध्यस्थाने माझ्या मांडीवर हात ठेवला. "जवाईबापू, फ्रिजले नाही म्हनू नका. मान असते तो." मी गप्प बसलो. माझं गप्प बसणं होकार धरलं गेलं.

मध्यस्थ म्हणजे माझ्या बायकोचा मावसभाऊ. स्थळ त्यानेच आणलेलं. लग्न होईपर्यंत देण्याघेण्याचं कुठलंही बोलणं त्याच्यामार्फत करायचं ही आमच्याकडची रीत. इवायाने इवायाला तब्येत विचारावी, पाऊसपाणी विचारावं; वस्तूचं विचारू नये. मी रीत पाळली. जानेवारीच्या अखेरीस त्याला फोन केला आणि म्हणालो, "महागावला विचारून सांग, फ्रिजची रुंदी किती इंच आहे. ग्रॅनाइट कापायचं आहे."

आठवड्याने उत्तर आलं. "तुमी फ्रिजची काही काळजीच करू नका. चांगला येते."

"चांगला म्हणजे किती इंच?"

"आता तुमी बी ना जवाईबापू! चांगला म्हनजे चांगला."

फेब्रुवारीच्या मध्यात मिस्त्रीने जुना ओटा फोडला. शेगडी बैठकीत आली, भांडी पलंगाखाली गेली, बायको मोरीत भाजी चिरू लागली. मी पुन्हा फोन केला. म्हणालो, बाबा रे, आकडा हवा आहे मला. दोन दिवसांनी तो आनंदाने ओरडला, "डबल डोअर करून टाकला त्याईनं!"

"रुंदी?"

"अरे डबल डोअर म्हनतो ना मी!"

बायकोने त्या दिवशी मला अडवलं होतं. "घडी घडी नका विचारू. बरं नाही दिसत."

"रुंदी विचारण्यात काय बरं न दिसण्यासारखं आहे?"

"तुमाले नाही समजणार," म्हणून ती बटाटे सोलत राहिली. समजणार नाही हे कळण्याइतकं तिला कळत होतं, तर दोन वाक्यांत समजावून सांगायला काय हरकत होती, हे मला आजवर उमगलेलं नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात ग्रॅनाइटवाला माप घ्यायला आला. मी तिसऱ्यांदा फोन केला. या वेळी आवाज चढला माझा. "रुंदी सांग. फक्त रुंदी. उंची नको, लिटर नको, रंग नको."

"सांगतो त्याईले," तो म्हणाला. मग संध्याकाळी त्याचा फोन: "आता तुमी पाह्यतच राहसान!"

आकडा नाहीच. मी टेप घेऊन बाजारातल्या एका दुकानात गेलो आणि डबल डोअरचे फ्रिज मोजले. बहुतेक चोवीस इंचांच्या आत. दोन्ही बाजूंना हवेसाठी दीड-दीड इंच धरून सत्तावीस. बासष्ट इंच ओटा, सत्तावीस इंच फ्रिज, नऊ इंच कॉलम. बेरीज अठ्ठ्याण्णव. ग्रॅनाइट कापलं, बसवलं, फ्रिजच्या मागे प्लगचा पॉइंट काढला. मार्चअखेर स्वयंपाकघर तयार झालं. मी दोन्ही हात पसरून खोलीच्या मधोमध उभा राहिलो, कुठेच काही लागलं नाही. त्या दिवशी मी खरोखर खूश होतो.

लग्नाला पंधरा दिवस असताना टेम्पो आला. महागावच्या इवायांनी भाडं वाचावं म्हणून फ्रिज यवतमाळच्याच दुकानातून घेतला होता. चार माणसांनी तो उतरवला. एवढं मोठं खोकं आमच्या गल्लीत कधी आलं नव्हतं. खोक्यावरच्या चित्रात दोन कपाटं शेजारी शेजारी उभी करावीत तसे दोन उभे दरवाजे, चंदेरी रंग, दारातून थंड पाणी येण्याची सोय. मी सही करण्याआधी टेप लावला. छत्तीस इंच.

मागचं दार तीस इंच. बैठकीतून स्वयंपाकघरात जाण्याचं दारही तीस इंच. पुढच्या दाराच्या दोन्ही फळ्या उघडल्यावर तो बैठकीपर्यंत आला आणि तिथेच थांबला.

"चौकट काढा लागन," हमालांचा म्होरक्या म्हणाला.

"चौकट काढली तरी आत सत्तावीस इंच जागा आहे."

"मंग ओटा तोडा," तो म्हणाला, आणि पाणी प्यायला गेला.

मी खोकं फोडू नका म्हणत होतो, तोवर शेजारच्या बायका आल्या होत्या. खोकं फुटलं. बायकोने हळदीकुंकू आणलं, फ्रिजच्या दारावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, पायाशी नारळ फोडला. वस्तू घरात आली की पूजा व्हायचीच. मी ओरडलो तेव्हा नारळाचं पाणी फरशीवर वाहत होतं.

समोरच्या घरातले गृहस्थ, माझे वीस वर्षांचे शेजारी, कंबरेवर हात ठेवून म्हणाले, "इवाई दिलदार आहे बाप्पा! तुमी तं काहीच घेनार नव्हते म्हने?"

"घेतलं नाही. आलं."

"हो, आलं," ते म्हणाले. "आपोआप."

रात्रीचं जेवण आम्ही फ्रिजकडे पाठ करून केलं. मुलगा घास घोळवत बसला होता. शेवटी म्हणाला, "बाबा, तुम्ही फ्रिज मागितला होता काय?"

"मी? कोणी सांगितलं?"

"ती विचारत होती. महिन्याभरापासून नीट बोलत नाही. मामानं तिच्या बाबांना तीनदा सांगितलं म्हणे, यवतमाळवाले फ्रिजचं विचारून राह्यले. आधी तिच्या बाबांनी साधा एका दाराचा ठरवला होता. पहिल्या फोननंतर जरा चांगल्यातला धरला. दुसऱ्यानंतर डबल डोअर केला. तिसऱ्यानंतर म्हणाले, ह्याहून मोठा दुकानातच नसला पाहिजे." त्याने पाण्याचा पेला उचलला. "स्कूटीचे पैसे गेले त्यात."

बायकोने पोळी माझ्या ताटात ठेवली.

मी इंच विचारले होते, आणि विचारल्याबरोबर तिकडे फ्रिज वाढत होता. मी आकड्यासाठी जितका नेट लावला तितका तो फुगत गेला. रुंदी विचारणं म्हणजे रुंदी विचारणं, हे माझं म्हणणं आजही कायम आहे. पण पंधरा दिवसांनी एक मुलगी या घरात येणार होती, तिचा सासरा हावरट आहे हे मनात धरून, रोज ऐंशी रुपये ऑटोला देत. दररोज सकाळी मला चहा देताना तिला ते आठवणार. ते मला चालणार नव्हतं. मध्यस्थाला पाठवून ते निस्तरण्यासारखंही नव्हतं. त्याने निस्तरायला घेतलं असतं तर कदाचित वॉशिंग मशीन आलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी नांदेडच्या बसने आर्णीवरून महागावला गेलो. आधी कळवलं नाही. दुपारचा एक वाजला होता. इवाई दुकानात मोटार उघडून बसले होते, हातात तांब्याची तार. मला पाहून ते उभे राहिले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"काहून इवाईबुवा? लहान पडला काय?"

एवढंच ते म्हणाले. मला बसमध्ये जुळवलेलं सगळं बोलणं विसरायला झालं.

"मोठा पडला," मी म्हणालो. "दारातून जात नाही. मी कधीच मोठा मागितला नाही. लहानही मागितला नाही. ग्रॅनाइट कापायला रुंदी पाहिजे होती."

"रुंदी?"

"इंच."

हातातली तार त्यांनी बाकावर ठेवली. "त्यानं मले सांगितलं, फ्रिजचं विचारून राह्यले, तुमी काय ते समजून घ्या. म्या समजून घेतलं."

"समजून घेऊ नका ना! आकडा सांगायचा होता!"

"अस्सा आकडा कोनी सांगते काय बैठकीतल्या वस्तूचा? म्या एक सांगन, तुमी म्हनसान कमी आहे."

दुकानामागेच त्यांचं घर. आम्ही आत जाऊन बसलो. मी म्हणालो, हा परत करून लहान घेऊ, उरलेले पैसे मुलीला द्या. ते एकदम ताठ झाले.

"वापस? दिलेला फ्रिज वापस? गावात काय सांगू मी? पोराच्या बापाले पसंत नाही पडला?"

"सांगा की दारातून गेला नाही."

"दार तोडा मंग. मिस्त्रीचा खर्च मी देतो."

"दार तोडलं तर ओटा आडवा येतो."

"ओटा तोडा."

मी खिशातून टेप काढला. काढला कशाला ते मलाही ठाऊक नव्हतं. तिथे मोजण्यासारखं काही नव्हतं. तेवढ्यात मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं, दोन खोल्यांचं घर. तांब्या ठेवून ती आत गेली नाही, उभी राहिली.

"काका, तुम्ही खरंच फक्त रुंदी विचारली होती?"

"हो."

"तीनदा?"

"उत्तर येत नव्हतं म्हणून तीनदा."

ती हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही. "मग मले फोन करायचा ना. नंबर होता घरात सगळ्याईजवळ. फ्रिज माझ्यासाठी, स्वयंपाकघरात मी राहणार, अन् मलेच कोणी विचारलं नाही. बाबानं पण नाही."

होणाऱ्या सुनेला सासऱ्याने फोन करून आंदणाचं माप विचारण्याची आमच्याकडे रीत नाही, हे मी तिला सांगणार होतो. पण रीत पाळून काय झालं होतं ते माझ्या बैठकीत उभं होतं. मी टेप पुन्हा खिशात घातला.

"जागा किती आहे?" तिने विचारलं.

"सत्तावीस. हवेसाठी तीन सोडून चोवीस."

"मग चोवीसचा घेऊ." ती वडिलांकडे वळली. "बाबा, मले लॅबमध्ये सातले पोहोचा लागते. फ्रिजवर बसून जाऊ काय?"

इवाई तांब्यातलं घोटभर पाणी प्याले. मग आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाले, "इवायाले जेवू घाला. उपाशी आले असतील." ते होय होतं की नाही हे मला जेवण संपेपर्यंत कळलं नाही. हात धुताना ते म्हणाले, "पन दुकानात तुमी जा. मी नाही जात. मले लाज वाटते."

दुकानात मी गेलो. एकदा नाही, पाच वेळा.

"पूजा झालेला पीस वापस कसा घेऊ, साहेब?" दुकानदार म्हणाला. "कुंकू पुसलं तरी पांढरा टीशू लावला की लाल निघते. दुसऱ्या गिऱ्हाइकाले काय सांगू?" खोकंही फुटलेलं. शेवटी त्याने साडेपाच हजार कापून बदलून द्यायचं कबूल केलं. मोठा फ्रिज अठ्ठ्याहत्तर हजार पाचशेचा, चोवीस इंचांचा एकोणतीस हजारांचा. फरक साडेएकोणपन्नास हजार, त्यातून साडेपाच गेले. पण रोख देणार नाही म्हणाला; एसी घ्या, टीव्ही घ्या, हिशेबात वळवून देतो. मी म्हणालो, मला हिशेब शिकवू नका, मुलीचे पैसे आहेत, पैसेच पाहिजेत. तो म्हणाला, लग्नाचा सीझन आहे, जूनमध्ये या.

लग्न झालं. चोवीस इंचांचा फ्रिज जागेवर बसला. डाव्या बाजूच्या दीड इंचात पहिल्याच आठवड्यात एक चमचा आणि एका डब्याचं झाकण पडलं. त्यासाठी फ्रिज ओढावा लागला. फटीत पट्टी लावू म्हटलं तर बायको म्हणते, हवा लागते म्हणून तुम्हीच सोडली ना. लग्नात मध्यस्थाचा मान करावा लागला. टोपी, शर्टपीस आणि अकराशे एक रुपये, मीच हातात दिले. त्याने पाकीट कपाळाला लावलं आणि चारचौघांत म्हणाला, "फ्रिजचं काम कसं जमवून आनलं मी!" बायकोने माझं मनगट धरून ठेवलं होतं.

मे महिनाभर सून ऑटोने लॅबला गेली. तिने एकदाही पैशांचं काढलं नाही. सकाळी चहाचा कप ठेवताना ती माझ्याशी नीट बोलायची, "अहो बाबा" म्हणायची, पण ऑटोवाल्याचा हॉर्न वाजला की माझी नजर कपातच राहायची. दर सोमवारी जिनिंगमधून निघून मी दुकानात जाऊन बसायचो. दुकानदार मला थंड पाणी द्यायचा, बहुधा त्याच चंदेरी फ्रिजमधलं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्याने चव्वेचाळीस हजार दिले. कापलेले साडेपाच हजार मी माझे घातले. टेम्पोचे दोन्ही फेऱ्यांचे अठराशे टेम्पोवाल्याला वेगळे दिले होते, ते कोणाकडे मागितले नाहीत. त्याच दुपारी बँकेत जाऊन पूर्ण एकोणपन्नास हजार पाचशे रुपये मी सुनेच्या खात्यावर भरले.